उत्तरपत्रिका देण्यापूर्वीची शेवटची दहा मिनिटे : मुलांना 'तपासणे' कसे शिकवावे?

खडूफळा (धागाकर्ती)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी नववी-दहावीला गणित शिकवते. पहिल्या सराव परीक्षेचे गठ्ठे कालच हातावेगळे केले, पण त्यातील एक उत्तरपत्रिका मनातून जाईना, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रश्न साधा होता. दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १८२ आहे, तर त्या संख्या काढा. वर्गातील एका हुशार मुलीने लहान संख्या क्ष मानली, क्ष² + क्ष − १८२ = ० हे समीकरण बिनचूक मांडले, १४ आणि १३ हे अवयवही बरोबर शोधले, आणि मग कंसात लिहिताना चिन्हांची अदलाबदल करून (क्ष − १४)(क्ष + १३) असे लिहिले. उत्तर आले १४ आणि १५. त्याखाली पट्टीने दोन रेघा ओढलेल्या होत्या. पंधरा चौदे दोनशे दहा हे तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल, पण आपल्याच उत्तरातील दोन संख्यांचा गुणाकार करून पाहावा, असे तिला सुचले नाही.

मी तिला बोलावून विचारले, "पेपर तपासला होतास का?" ती म्हणाली, "हो बाई, दोनदा वाचला." ती खरे बोलत होती. तिचा पेपर वीस मिनिटे आधी झाला होता आणि त्या वेळात तिने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खरोखरच दोनदा वाचला होता. त्या क्षणी माझ्या लक्षात आले की "पेपर देण्यापूर्वी नीट तपासा" असे मी इतकी वर्षे सांगत आले, परंतु तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मी एकदाही शिकवलेले नाही. मुले माझे ऐकतात आणि वाचतात. आपलेच लिखाण लगेच पुन्हा वाचताना डोळे कागदावरून फिरतात, पण मन मघाचेच वाक्य पुन्हा म्हणत असते, आणि चूक करताना जे खरे वाटले होते ते पाच मिनिटांनीही खरेच वाटते.

आपल्याकडे यासाठी 'ताळा' हा फार चांगला शब्द आहे. प्राथमिक शाळेत आपण भागाकाराचा ताळा शिकवतो : भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, म्हणजे भाज्य आले पाहिजे. बेरजेचा ताळा वजाबाकीने घेतो. ताळा म्हणजे त्याच वाटेने पुन्हा चालणे नव्हे, उलट दिशेने किंवा दुसऱ्या वाटेने त्याच जागी येऊन पोहोचणे. पाचवी-सहावीच्या पुढे मात्र हा शब्द वर्गातून नाहीसा होतो आणि त्याची जागा पुस्तकाच्या शेवटी दिलेली उत्तरसूची घेते. गणित सोडवले की मूल शेवटची पाने उलटते, जुळले तर पुढे जाते आणि नाही जुळले तर विचारायला येते. आपले उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, ही सवय तिथेच लागते, असे माझे मत आहे. परीक्षेच्या वर्गात मागची पाने नसतात.

राज्य मंडळाने २०२३ पासून दहा वाढीव मिनिटे पेपरच्या शेवटी द्यायला सुरुवात केली. त्याआधी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे अगोदर हाती मिळत असे, आता अकराला सुरू झालेला तीन तासांचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. ही दहा मिनिटे वाया जाताना मी पर्यवेक्षक म्हणून पाहिली आहेत. ज्यांचे लिहून झालेले असते ती मुले पुरवण्या बांधतात, पेन खिशाला लावतात आणि दाराकडे पाहत बसतात.

आपल्यापैकी कोणी मुलांना तपासण्याचे प्रत्यक्ष शिक्षण देत असेल, मग ते शाळेत असो वा घरी, तर कृपया सविस्तर लिहावे. मी या वर्षीपासून घटक चाचणीत ताळा मांडल्याशिवाय गणिताचे पूर्ण गुण देत नाही, पण एवढ्याने भागणार नाही याची मला जाणीव आहे.

कानामात्रा

बाई, विषय फार जिव्हाळ्याचा काढलात. माझे आयुष्य मुद्रिते तपासण्यात गेले आहे, म्हणून भाषेच्या पेपरपुरते लिहितो.

आमच्या धंद्यात पहिला धडा हाच असतो की वाचक म्हणून वाचू नका. मजकुरात रमलात की चूक निसटली. पूर्वी दोघे बसत असू. एकजण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा, अगदी स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा उच्चारून, आणि दुसरा मुद्रितावरून बोट फिरवायचा. एकट्याने करायचे असेल तेव्हा ओळीखाली पट्टी धरायची, म्हणजे डोळा पुढच्या ओळीत पळत नाही. आणि एका फेरीत एकच गोष्ट पाहायची. एका फेरीत ऱ्हस्व-दीर्घ, दुसरीत विरामचिन्हे, तिसरीत फक्त आकडे आणि मथळे. नवख्या माणसाच्या हातून सर्वांत मोठी चूक सर्वांत मोठ्या टायपातील मथळ्यातच राहते, कारण तिथे चूक असू शकेल असे त्याला वाटतच नाही.

मुलांना तीन तासांच्या पेपरात तीन फेऱ्या शक्य नाहीत हे मला कळते. पण एक फेरी नक्की शक्य आहे, आणि ती स्वतःच्या नेहमीच्या चुकीसाठी ठेवावी. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांची संख्या अठरा आहे, १९६२ साली चौदा झाले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे अठराही नियम एकदम डोक्यात ठेवून कोणी निबंध तपासू शकत नाही. माझ्या नातीच्या वह्या मी वर्षभर पाहिल्या, तेव्हा तिच्या बहुतेक चुका एकाच जागी सापडल्या : मूल पण मुलाला, फूल पण फुलांचा, जमीन पण जमिनीवर. अशा शब्दांचे उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर दीर्घ असले तरी सामान्यरूपात ते ऱ्हस्व होते, आणि ती 'मूलाला', 'जमीनीवर' असे लिहीत होती. मग मी तिला सांगितले की तपासताना बाकी सारे विसर, फक्त प्रत्यय लागलेले शब्द शोध आणि त्यांच्या पोटात पाहा. दोन महिन्यांत त्या चुका जवळजवळ नाहीशा झाल्या.

आणखी एक उपाय म्हणजे निबंध शेवटच्या वाक्याकडून पहिल्या वाक्याकडे तपासणे. अर्थाचा ओघ तुटला की प्रत्येक वाक्य सुटे दिसते आणि त्यातील कर्ता-क्रियापदाचा मेळ चटकन कळतो.

पाऊलवाट

सर्वांचे म्हणणे पटते, तरीही एका पालकाची अडचण मांडतो. माझा मुलगा सातवीत आहे आणि त्याचा लिहिण्याचा वेग कमी आहे. पेपर संपवतानाच त्याची दमछाक होते, मग तपासायला वेळ आणायचा कुठून? दुसरे असे की जेव्हा वेळ उरतो तेव्हा तो बरोबर उत्तरे खोडून चुकीची लिहितो. मागच्या परीक्षेत असे दोनदा झाले. आता तो म्हणतो की पहिले मनात येते तेच खरे, पुन्हा पाहायचेच नाही. त्याची आई आणि मी दोघेही यावर काय बोलावे या विचारात आहोत. सतत "तपास, तपास" म्हणून आपण त्याच्या मनात भीतीच घालत आहोत की काय, असेही वाटते.

सांजवात

पाऊलवाट, आपल्या मुलाला जे वाटते ते जगभर विद्यार्थ्यांना वाटते आणि त्यावर चांगले संशोधन झालेले आहे. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या दीड हजाराहून अधिक विद्यार्थ्यांच्या बहुपर्यायी उत्तरपत्रिकांवरील खोडण्याच्या खुणा मोजल्या होत्या. बदललेल्या उत्तरांपैकी साधारण निम्म्यांत चुकीचे उत्तर बरोबर झाले होते, पाव भागात बरोबरचे चुकीचे झाले होते, आणि उरलेल्यांत एका चुकीच्या जागी दुसरे चुकीचे आले होते. म्हणजे बदलाने नुकसानापेक्षा फायदा दुप्पट झाला. तरीही विद्यार्थ्यांना उलटे वाटते, कारण हातचे बरोबर उत्तर आपणच खोडल्याची हळहळ मनात घर करून राहते आणि वेळेवर दुरुस्त केलेली चूक कोणी लक्षात ठेवत नाही.

माझ्या धाकट्या भावाला मी एकच अट घातली होती. उत्तर बदलायचे असेल तर का बदलतो आहेस ते एका वाक्यात मनाशी म्हणता आले पाहिजे : "प्रश्नात 'नाही' हा शब्द होता, तो माझ्याकडून वाचायचा राहिला", "एकक सेंटिमीटर होते, मी मीटर धरले". असे वाक्य तयार होत नसेल आणि नुसते चुकल्यासारखे वाटत असेल, तर पेन उचलायचे नाही. भीतीने केलेला बदल आणि कारणाने केलेला बदल यांत त्याला स्वतःलाच फरक करता येऊ लागला.

रोजकीर्द

मी हिशेबनीस आहे, त्यामुळे 'ताळा' हा शब्द वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

आमच्याकडे वर्षअखेरीला तेरीज काढतात, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी करून दोन्ही बेरजा जुळतात का ते पाहतात. जुळल्या नाहीत तर नवखा मुलगा पहिल्या नोंदीपासून सगळे पुन्हा तपासू लागतो आणि संध्याकाळपर्यंत थकून जातो. अनुभवी माणूस आधी फरकाकडे पाहतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता मोठी असते, ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले की फरक नऊचा पडतो, ८२० च्या जागी २८० लिहिले की ५४० चा पडतो, आणि ५४० ला नऊने भाग जातो. फरकाची निमपट रक्कम एखाद्या नोंदीत सापडली तर ती रक्कम नावेऐवजी जमेला गेलेली असू शकते. चूक आपली वाट सांगत असते, ती वाचायला शिकवावे लागते.

पण खरी सांगायची गोष्ट पुढची आहे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे मुळीच नाही. एखादा व्यवहार लिहायचाच राहून गेला, किंवा एका माणसाची रक्कम दुसऱ्याच माणसाच्या खात्यावर पडली, तरी तेरीज तंतोतंत जुळते. बाई, आपल्या उदाहरणातील मुलीने जर समीकरणच चुकीचे मांडले असते, तर आलेली किंमत त्याच समीकरणात घालून तिचा ताळा सुरेख जुळला असता आणि उत्तर तरीही चुकलेले असते. म्हणून ताळा समीकरणाशी घ्यायचा नाही, प्रश्नातील शब्दांशी घ्यायचा. "क्रमागत आहेत का? नैसर्गिक आहेत का? गुणाकार १८२ येतो का?" असे तीन प्रश्न, आणि तेही प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवून.

खडूफळा

रोजकीर्द, आपला शेवटचा परिच्छेद मी उद्या फळ्यावर लिहिणार आहे. मी स्वतः आजवर समीकरणात किंमत घालण्यालाच ताळा म्हणत आले होते आणि शाब्दिक उदाहरणांत तो अपुरा पडतो, हे मी मुलांना कधी सांगितले नव्हते.

पाऊलवाट, वेगाच्या प्रश्नावर माझे मत असे आहे की संथ लिहिणाऱ्या मुलाने सगळे तपासणे शेवटावर ठेवूच नये. प्रश्न संपला की तिथल्या तिथे पाव मिनिट थांबायचे, प्रश्नाचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचायचे आणि आपण तेच काढले आहे का एवढे पाहायचे. 'संख्या काढा' म्हटले असताना नुसती क्ष ची किंमत काढून थांबणे, 'परिमिती' विचारली असताना क्षेत्रफळ देणे, या चुकांना एवढे थांबणे पुरते. उत्तराचा अंदाजही त्यातच येतो : संभाव्यता एकापेक्षा मोठी आली, वडिलांचे वय मुलापेक्षा कमी आले, कर्ण बाजूपेक्षा लहान आला, तर पुढे जायचे नाही. शेवटी मिनिटे उरली तर उत्तम, नाही उरली तरी बरेच काम झालेले असते.

भीतीबद्दल आपण लिहिलेत ते मला फार महत्त्वाचे वाटते. "अजून तपास, चुकले असेल" आणि "काय बरोबर आहे ते स्वतःला पटवून घे" या दोन वाक्यांत मुलाच्या मनावर होणारा परिणाम अगदी वेगळा असतो.

उत्तरायण

मी अनेक वर्षे दहावीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिकांचा परीक्षक होतो आणि नंतर नियामक म्हणूनही काम केले. विषयाच्या ज्ञानाशी संबंध नसलेल्या कारणांनी जाणारे गुण पाहून जीव हळहळतो. उत्तर सुंदर लिहिलेले असते, पण उपप्रश्नाचा क्रमांक चुकीचा असतो किंवा नसतोच. नकाशाचा आराखडा भरलेला असतो, पण उत्तरपत्रिकेला जोडायचा राहतो. दोन पाने एकदम उलटली गेल्यामुळे मध्ये कोरी जागा राहते आणि 'पुढे पाहा' असे कुठेही लिहिलेले नसते. आलेखाला शीर्षक असते, पण प्रमाण आणि सूची नसते. पाचपैकी कोणतेही चार सोडवा म्हटल्यावर तीनच सोडवलेले असतात, आणि मुलाला चौथे येत नव्हते असे नसून मोजायचेच राहिलेले असते.

त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत मी मुलांना आधी आशयाकडे जाऊच देत नाही. प्रश्नपत्रिका डावीकडे, उत्तरपत्रिका उजवीकडे ठेवायची आणि प्रश्नपत्रिकेवरील प्रत्येक क्रमांकापुढे, तो उत्तरपत्रिकेत प्रत्यक्ष सापडल्यावरच, मनातल्या मनात बरोबरची खूण करायची. क्रमाने उत्तरपत्रिका चाळली तर लिहिलेलेच दिसते, न लिहिलेले दिसत नाही. प्रश्नपत्रिकेकडून निघाले की राहिलेले सापडते. मग बैठक क्रमांक, पुरवण्यांची संख्या, नकाशा. हे तीन-चार मिनिटांत होते आणि उरलेली मिनिटे शंकेच्या प्रश्नांना देता येतात.

एक विनंती आणखी. जुने उत्तर खोडण्याआधी नवे पूर्ण लिहून झालेले असावे. आधी खोडायचे आणि मग वेळ संपायची, असे घडलेल्या उत्तरपत्रिका मी पाहिल्या आहेत. खोडलेल्या ओळींतून बरोबर उत्तर स्पष्ट वाचता येते आणि त्याला गुण देता येत नाहीत.

निकालानंतर गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकनाची सोय आहे, पण तिथे तपासणाऱ्याची चूक दुरुस्त होते, लिहिणाऱ्याची नव्हे.

जाईजुई

वरील पद्धत ओएमआर पत्रिकेला, म्हणजे गोल काळे करून भरायच्या उत्तरपत्रिकेला, लागू पडत नाही, म्हणून थोडे लिहिते. माझ्या मुलीने आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा दिली तेव्हा प्रत्येक प्रश्नपत्रिका ७५ प्रश्नांची आणि दीड तासाची होती, म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद. गोल पेनाने काळा केला की विषय संपला, खोडण्याची सोय नाही. तेव्हा तपासणे हे गोल काळा करण्यापूर्वीच व्हावे लागते. शिवाय तेव्हा आठवीला काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही नोंदवावे लागत, ही सूचना घाईत नजरेआड होई.

घरच्या सरावात एकदा तिने एकतिसाव्या प्रश्नाचे उत्तर बत्तिसाव्या ओळीत भरले आणि तिथून पुढची सगळी उत्तरे एकेक ओळ खाली घसरली. तिला पंचाहत्तरावा प्रश्न भरायला जागाच उरली नाही, तेव्हा ते कळले. ती बराच वेळ रडली. त्यानंतर आम्ही ठरवले की गोल भरताना ओठ हलवून "एकतीसला तीन", "बत्तीसला एक" असे म्हणायचे आणि दर दहा प्रश्नांनी थांबून क्रमांक जुळवायचा. परीक्षेत तिने तसेच केले.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. सांजवात यांचे 'एका वाक्यात कारण' आणि बाईंचे 'पाव मिनिट थांबणे' या दोन गोष्टी आम्ही काल गृहपाठाच्या वेळी करून पाहिल्या. आणखी एक विचारतो. घरी गृहपाठ झाल्यावर तो वही माझ्याकडे आणून देतो आणि मी चुका दाखवतो. हे बंद करावे का?

खडूफळा

पूर्ण बंद करू नका, पण चूक कुठे आहे ते दाखवू नका. मीही हेच करत होते. लाल पेनाने वर्तुळ केले की शोधण्याचे काम माझे झाले आणि मुलाकडे फक्त दुरुस्ती उरली. या धाग्यावरील प्रतिसाद वाचल्यानंतर मी एक बदल केला. मूळ मुलीच्या पुढच्या चाचणीवर मी एकही खूण केली नाही, वरच्या कोपऱ्यात फक्त "तीन चुका" असे लिहिले आणि पेपर तिला परत दिला. प्रश्नपत्रिका शेजारी घेऊन, शब्दांवर बोट ठेवून ती बसली. पहिली चूक चिन्हाची होती, ती तिने ताळ्याने पकडली. दुसरीत अंकगणिती श्रेढीचे दहावे पद विचारले होते आणि तिने पहिल्या दहा पदांची बेरीज काढली होती, तीही सापडली. तिसरी काही केल्या सापडेना आणि तास संपला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या घंटेआधी ती शिक्षकखोलीच्या दाराशी उभी होती. "बाई, तिसऱ्या गणितात आयताची लांबी मीटरमध्ये होती आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये. मी तशीच गुणली." आणि मग थोडे थांबून तिने विचारले, "पाचव्या गणितातसुद्धा मी वाक्यात उत्तर लिहिलेले नाही, ती चौथी चूक धरायची का?"

ती माझ्याकडून मोजायची राहिली होती.